शेवटच्या क्रॉसिंगला वाट कुणाची

शनिवारी रात्री, म्हणजे मिरजेत रविवारचे चहा-पोहे चालू असताना, आईचा व्हिडिओ कॉल येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पोरगी पहिली आली का गं?"

मी म्हणते, "जोडीत पहिली आली. सगळ्या मिळून अकरावी."

"दोघीच तर पळत होत्या! अकरावी कुठनं आली?"

लेक स्पीड स्केटिंग करते, म्हणजे बर्फाच्या ट्रॅकवर स्केट्स घालून पळायची शर्यत, आणि चार वर्षं आमचं हे असं चाललंय. आईचं काही चुकत नाही. दोघी एकदम सुटल्या, एक पुढे आली, एक मागे राहिली, मग जी पुढे ती जिंकली, असंच कुणालाही वाटणार. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटायचं. म्हणून आज बसून सगळं लिहून काढते. आईसाठी, आणि सांगलीतल्या माझ्या भाच्यासाठी. तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार चाकांच्या स्केट्सवर दिवसभर फिरत असतो आणि ताईचे व्हिडिओ बघून मला रात्री-अपरात्री प्रश्न पाठवतो.

आम्ही कॅनडात, कॅलगरीला राहतो. इथल्या विद्यापीठाच्या आवारात ऑलिम्पिक ओव्हल आहे, १९८८च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी बांधलेला. त्याआधीच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ उघड्यावर व्हायचा, वारा-बर्फ झेलत. छपराखाली तो पहिल्यांदा इथे झाला. आत चारशे मीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, आणि त्याच्या पोटात आइस हॉकीची दोन मैदानं. पहिल्यांदा आत शिरले तेव्हा मला सगळ्यात आधी आवाज जाणवला. एवढ्या मोठ्या जागेत फक्त कर्र, टक, कर्र, टक. तो 'टक' कसला हे पुढे सांगते.

आधी आईचा प्रश्न. लाँग ट्रॅक स्पीड स्केटिंगमध्ये एका वेळी दोघं सुटतात, पण स्पर्धा त्या दोघांतली नसते. प्रत्येकाची वेळ लागते, आणि सगळ्या जोड्या पळून झाल्यावर ज्याची वेळ सगळ्यात कमी तो पहिला. सोबत पळणारा हा खरं तर सोबतीच असतो. तो चांगला असेल तर तुमचीही वेळ सुधारते. कमजोर जोडीदार मिळाला तर मोकळ्या बर्फावर एकट्यानेच झुंजावं लागतं.

आता लेन. ट्रॅकला दोन लेन असतात, आतली आणि बाहेरची. सगळे डावीकडेच वळतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलटे. लेन साधारण चार मीटर रुंद असते, त्यामुळे बाहेरून वळण घेणाऱ्याला एका वळणाला साडेबारा मीटर जास्त पडतात. वर्तुळाचा परीघ काढायचं शाळेतलं गणित केलं की हा आकडा येतो. मग हे न्याय्य कसं? तर प्रत्येक फेरीत दोघांनी लेन बदलायची. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर, ज्याला क्रॉसिंग म्हणतात, आतला बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. हजार आणि पंधराशे मीटरची सुरुवात त्याच पट्ट्यावर होते, म्हणून तिथे सुटल्या सुटल्या बदलायचं नसतं. एक फेरी मारून परत आल्यावर बदलायचं. सुरुवातीला आतल्या लेनमध्ये असणाऱ्याच्या दंडावर पांढरी पट्टी आणि बाहेरच्याच्या दंडावर लाल. लांबून बघणाऱ्यालाही कोण कुठून सुटलं ते कळावं म्हणून.

आता विचार करा, ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने दोन माणसं एकाच पट्ट्यावर एकमेकांची वाट कापणार आहेत. दोघं बरोबरीत आली तर?

या खेळाचा मला सगळ्यात प्रिय असलेला नियम इथेच आहे. आतून बाहेर जाणाऱ्याने वाट द्यायची. टक्कर झाली तर जबाबदारी त्याचीच, समोरच्याने उघड उघड गैर काही केलं नसेल तर. बाहेरून येणारा लांबचं वळण मारून आलेला असतो आणि आता त्याला आत शिरायचं असतं, म्हणून त्याला आधी जाऊ द्यायचं. तुमची वेळ चालली असली, पाय पेटले असले, शेवटची फेरी असली, तरी अंग उचलून, एक दमदार पाऊल कमी टाकून, त्याच्या मागून जायचं.

हे मी आज एवढ्या शहाणपणाने लिहितेय, पण मला हे कळलं ते लेकीमुळे, आणि फार वाईट दिवशी कळलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पंधराशे मीटर, म्हणजे पावणेचार फेऱ्या. हा पल्ला सगळ्यात क्रूर आहे असं इथले जुने लोक म्हणतात, आणि मी तिसऱ्या फेरीतले चेहरे बघितलेत, त्यामुळे मला ते पटतं. पाचशेसारखं डोळे मिटून सुटता येत नाही आणि पाच हजारासारखं दम राखूनही चालत नाही. लेक बारा वर्षांची होती. दंडावर पांढरी पट्टी. आतून सुरुवात म्हणजे पहिल्या क्रॉसिंगला ती बाहेर जाणार, दुसऱ्याला आत, तिसऱ्याला पुन्हा बाहेर. पहिली दोन क्रॉसिंग्ज छान झाली. तिसऱ्याला मात्र दोघी वळणातून अगदी खांद्याला खांदा लावून बाहेर पडल्या. लेकीची त्या वर्षातली सगळ्यात चांगली वेळ चालली होती. मी वरून ओरडत होते. तिचा कोच पट्ट्याच्या कडेला वाकून हात हलवत होता. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती तशीच, मान खाली घालून, तिरकी बाहेर निघाली. दुसरी मुलगी ताडकन उभी राहिली, दोन्ही हात वर, स्केट आडवी घालून वेग मारला. धक्का लागला नाही. एवढंच काय ते बरं झालं.

लेकीने शेवटची रेषा ओलांडली आणि बोर्डवर वेळ आली. मी उड्या मारल्या. दोन मिनिटांनी नावापुढची वेळ जाऊन बाद झाल्याची खूण आली.

मला भयंकर राग आला होता. पंचांशी भांडायला मी पायऱ्या उतरून खाली गेले, हे इथे कबूल करते. लहान मुलगी आहे, धक्काही लागलेला नाही, ताकीद द्यायची, असं काहीबाही मनात जुळवत होते. खाली पोचले तर लेक बाकावर नव्हती. ती ट्रॅकच्या कडेला उभी होती. त्या दुसऱ्या मुलीला पुन्हा पळायची मुभा मिळाली होती. ज्याची वाट अडवली गेली त्याला पंच ती देऊ शकतात, मधे निदान अर्धा तास विश्रांती देऊन. अर्ध्या तासाने ती पोर त्या अख्ख्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर एकटी सुटली. एकदा जीव काढून झाल्यावर पुन्हा पंधराशे, एकटीने. सोबतीला कुणी नाही, पाठलाग करायला कुणी नाही. तिची दुसरी वेळ पहिलीपेक्षा बरीच वाईट येणार हे तिसऱ्या फेरीतच दिसत होतं. आणि माझी लेक कडेला उभी राहून, रडून सुजलेल्या डोळ्यांनी, ती समोरून गेली की दर फेरीला तिला जोरात आवाज देत होती.

मी पंचांशी काही बोलले नाही. गाडीत बसल्यावर लेक एवढंच म्हणाली, "आई, तिची रेस माझ्यामुळे गेली."

मी शाळेत असताना खो-खो खेळायचे. खो मिळून उठलं की एकदा घेतलेली दिशा सोडायची नाही, मधली रेषा ओलांडायची नाही. सर शिट्टी मारून तिथल्या तिथे थांबवायचे. चूक आणि शिक्षा यांच्यात क्षणाचंही अंतर नसायचं. इथे तसं नाही. इथे चूक झाल्यावरही तुम्ही पळतच राहता, शेवटपर्यंत, पूर्ण ताकदीने, आणि मग कळतं की त्या पळण्याला आता काहीच अर्थ नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमधलं. नेदरलँड्सचा स्वेन क्रामर, दहा हजार मीटर, पंचवीस फेऱ्या. तो सोन्याच्या वेगाने चालला होता. आठ फेऱ्या उरल्या असताना कोच गेरार्ड केमकर्सचा हिशेब चुकला आणि त्याने क्रामरला आतली लेन दाखवली. क्रामर योग्य वाटेवर होता, बाहेर निघाला होता. कोचचं ऐकून तो ऐन वळणाच्या तोंडाशी आत वळला. सलग दोन वेळा आतली लेन. पुढच्या फेऱ्या तो तशाच मारत राहिला. रेषा ओलांडली तेव्हा वेळ होती १२ मिनिटं ५४.५० सेकंद, कोरियाच्या ली संग-हूनपेक्षा चार सेकंदांनी सरस. हात वर करून तो आनंद साजरा करत असतानाच केमकर्सने जवळ जाऊन त्याला सांगितलं. त्याने चष्मा काढून भिरकावला. सुवर्ण लीला गेलं. दहा हजारचं ऑलिम्पिक सुवर्ण क्रामरला पुढेही कधी मिळालं नाही. पण त्याने त्या कोचला सोडलं नाही, पुढे वर्षानुवर्षं त्याच्याबरोबरच राहिला. मला सुवर्णापेक्षा ते जास्त लक्षात राहिलंय.

लेकीच्या त्या प्रसंगानंतर मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. पालकांतूनच माणसं लागतात इथे. माझ्याकडे आधी फेऱ्या मोजायचं काम आलं. रेषेपाशी उभं राहायचं, स्केटर समोरून गेला की किती फेऱ्या उरल्या तो आकडा बदलायचा, आणि शेवटची फेरी लागली की घंटा वाजवायची. काम साधं वाटतं. पण पाच हजार मीटरला साडेबारा फेऱ्या, आणि नवव्या-दहाव्या फेरीला समोरून जाणाऱ्या पोराच्या डोळ्यांत बघितलं की कळतं, त्याला आता स्वतःचं नावही आठवत नसेल. त्याचा सगळा भरवसा माझ्या हातातल्या आकड्यावर असतो. मी घंटेची दोरी दोन फेऱ्या आधीपासूनच धरून ठेवते. शेजारचे काका तीस वर्षं हे करतायत, तेही तसंच धरतात.

सुरुवातीबद्दल भाच्याने विचारलं होतं. पुकारा दोनच. 'गो टू द स्टार्ट' म्हटलं की रेषेपाशी यायचं, 'रेडी' म्हटलं की सुटायच्या पवित्र्यात वाकायचं आणि मग पुतळा व्हायचं. एक-दीड सेकंद सगळं स्तब्ध, आणि बार. त्या एक-दीड सेकंदात कुणी हललं तर चुकीची सुरुवात, जोडीला मिळून एक माफ. दुसऱ्या वेळी जो चुकेल तो बाद, मग पहिली चूक त्याची नसली तरीही. हे मला अजूनही थोडं कठोर वाटतं.

आता तो 'टक'. लाँग ट्रॅकच्या स्केटचं ब्लेड बुटाला फक्त पुढच्या बाजूने बिजागरीवर जोडलेलं असतं. टाच मोकळी. पाय मागे ढकलून टाच उचलली तरी ब्लेड बर्फावर टेकून राहतं आणि शेवटच्या क्षणापर्यंत जोर लावता येतो. पाय उचलला की स्प्रिंगने ब्लेड टाचेवर येऊन आदळतं, टक. याला क्लॅप स्केट म्हणतात. आम्सटरडॅमच्या विद्यापीठात खेरिट यान फान इंगेन स्खेनाउ या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर हे घडवलं. बरीच वर्षं नामवंत स्केटर त्याकडे वळायलाच तयार नव्हते. १९९६-९७च्या मोसमात डच मुलींनी ते घालून वेळा मोडायला सुरुवात केली आणि १९९८च्या नागानो ऑलिम्पिकपर्यंत जवळपास सगळ्यांच्या पायांत ते आलं.

ब्लेड जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि हातभर लांब. त्याला धार लावणं हे आमच्या घरी शुक्रवार रात्रीचं काम. जेवणाचं टेबल पुसून वर जुनी चादर अंथरायची. दोन्ही स्केट्स उलट्या करून, ब्लेड वर, एका चौकटीत घट्ट आवळायच्या, दोन्ही ब्लेड एका पातळीत. वर तेलाचे दोन थेंब. मग लांबट दगड दोन्ही ब्लेडवर आडवा ठेवून पुढे-मागे, पुढे-मागे, दाब सगळीकडे सारखा. सहाणेवर खोड धरतात त्या हातानेच मी धरते, जोर खांद्यातून, मनगटातून नाही. लेक म्हणते आई तूच कर, तुझा हात सारखा चालतो. दगड फिरला की कडेला धातूची अगदी बारीक कोर उठते, तिला बर म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. बोट ब्लेडच्या बाजूने वर सरकवलं की अडकते. मग छोटा गुळगुळीत दगड ब्लेडच्या अंगाला चपटा लावून ती काढायची. शेवटी नख कडेवर हलकंच ओढून बघायचं. नखाचा पांढरा भुगा निघाला की धार झाली. ब्लेड सपाट दिसतं पण सपाट नसतं, त्याला पुढून मागे अगदी हलका बाक असतो. घाईत एका टोकाला जास्त घासलं तर तो बाक बिघडतो आणि वळणात पाय हवा तसा वळत नाही.

पाय ढकलायचा तोही मागे नाही, बाजूला. चालताना-पळताना आपण जमीन मागे लोटतो, तीच सवय नडते. गुडघे काटकोनापर्यंत वाकवून, पाठ आडवी, हात पाठीवर, आणि ढकलणं बाजूला. भाच्या, ती पाठ आडवी ठेवण्याचं कारण हवा. या वेगाला सगळ्यात जास्त ताकद हवा कापण्यात जाते. कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, हवा विरळ, म्हणून इथे आणि याहून उंच असलेल्या सॉल्ट लेक सिटीत विश्वविक्रम होत आले आहेत. चिनूक नावाचे गरम वारे पर्वतांवरून उतरले की हवेचा दाब आणखी कमी होतो, आणि ओव्हलमध्ये कोच लोक खुशीत असतात. क्रॉसिंगवर मागे राहिलेल्याला समोरच्याच्या पाठीमागे घटकाभर हवेचा आडोसा मिळतो. वाट देणाऱ्याचं सगळंच नुकसान होतं असं नाही.

शेवटच्या रेषेवर वेळ थांबते ती स्केटच्या टोकाला. म्हणून सगळे एक पाय पुढे फेकतात. २०१४च्या सोची ऑलिम्पिकमध्ये पंधराशे मीटरला पोलंडचा झ्बिग्नेव्ह ब्रुदका आणि नेदरलँड्सचा कून फरवेय दोघांची वेळ १ मिनिट ४५.०० सेकंद. हजारांश बघावे लागले. ब्रुदका तीन हजारांश सेकंदांनी पुढे, त्या वेगाला साधारण चार सेंटिमीटर. आणि दोघं एका जोडीत पळालेलेही नव्हते. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पाय पुढं टाकायला शिकव तिला."

त्याच सोचीतली एक गोष्ट कॅलगरीत हमखास ऐकायला मिळते. कॅनडाचा डेनी मॉरिसन निवड चाचणीत पडला आणि हजार मीटरच्या संघात बसला नाही. जागा मिळाली होती कॅलगरीच्याच गिलमोर ज्युनियोला. ज्युनियोचा मुख्य पल्ला पाचशे. तो पळून झाल्यावर त्याने आपली हजारची जागा मॉरिसनला देऊन टाकली, तो माझ्यापेक्षा चांगला पळेल म्हणून. मॉरिसनने रौप्य आणलं, सुवर्णापासून फक्त चार शतांश सेकंद दूर. ऑलिम्पिकमध्ये उतरायची संधी आयुष्यात कितीदा येते? माझ्याकडून हे झालं नसतं.

शॉर्ट ट्रॅक हा वेगळाच खेळ आहे, १११.१२ मीटरचा छोटा ट्रॅक, चार-सहा जण एकदम, लेन नाहीत, जो आधी पोचेल तो पहिला. आईला तोच आवडेल.  सांघिक पाठलाग आणि मास स्टार्ट यांच्यावर परत कधीतरी.

या शनिवारी पुन्हा पंधराशे आहे. आजच जोड्या जाहीर झाल्या. लेकीला बाहेरची लेन आलीय, लाल पट्टी. म्हणजे पहिल्या क्रॉसिंगला ती आत जाणार, दुसऱ्याला बाहेर, आणि तिसऱ्याला परत आत. शेवटच्या क्रॉसिंगला वाट तिची. समोरची मुलगी अकरा वर्षांची आहे, पहिलंच वर्ष. लेकीने मघाशी जेवताना विचारलं, "तिला कुणी नीट सांगितलं असेल ना गं?" मग स्वतःच म्हणाली, वॉर्म-अपला भेटेन तेव्हा मीच सांगते. स्केट्स अजून चौकटीत आवळलेल्या आहेत, डाव्या ब्लेडची बर काढायची राहिलीय.